जमिनीखालचा विस्तव

विस्तव घरात ठेवावा की घराबाहेर, हा प्रश्न उष्ण प्रदेशातील माणसाला फारसा पडत नाही. महाराष्ट्रातल्या घरात चूल पेटते ती अन्न शिजविण्यासाठी. पौष-माघात पहाटे अंगणात शेकोटी लागते, चार माणसे तिच्याभोवती उकिडवी बसून हात शेकतात आणि ऊन वर आले की उठून आपापल्या कामाला जातात. पण जेथे वर्षातले चार-चार महिने नद्या गोठून राहतात, तेथे विस्तव ही सोय नसून प्राणाचा आधार असतो. हा आधार मोठा अडचणीचा आहे. घरात घेतला तर धूर, ठिणगी आणि राख घेऊनच तो आत येतो; बाहेर ठेवला तर ऊबही बाहेरच राहते. ऊब आत घ्यावी आणि धूर बाहेरच्या बाहेर घालवावा, ही युक्ती ज्या लोकांना साधली त्यांच्यात कोरियातील लोकांचे स्थान फार वरचे आहे.

ही युक्ती केवळ त्यांनाच सुचली असे नव्हे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून रोमन लोक आपली स्नानगृहे आणि पुढे थंड प्रांतांतील हवेल्या अशाच रीतीने तापवीत. विटांच्या ठेंगण्या खांबांवर जमीन उचलून धरायची, भिंतीबाहेरच्या भट्टीत लाकडे पेटवायची आणि तिचा धगधगीत वारा त्या पोकळीतून खेळवायचा, अशी त्यांची रचना होती. व्हिट्रुव्हियस या वास्तुशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात तिचे वर्णन करून ठेविले आहे. रोमन सत्ता पश्चिमेत लयाला गेली आणि तिच्याबरोबर तेथील बहुतेक भट्ट्याही विझल्या. आपल्या देशात काश्मीरमध्ये ही कल्पना आजही जिवंत आहे. ‘हमाम’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे न्हाणीघर येते. परंतु काश्मिरी हमाम म्हणजे दगडी फरश्यांची अशी खोली, की जिच्या जमिनीखाली पोकळी असते आणि त्या पोकळीत बाहेरच्या तोंडाने लाकडे सारली जातात. मशिदींतून वुजूसाठी पाणी तेथेच तापते. बाहेर बर्फ पडत असताना गावातली वडीलधारी मंडळी त्या तापलेल्या फरशीवर बसून दिवसचा दिवस काढतात.

रोमन लोकांत ही ऊब मुख्यतः श्रीमंतांच्या आणि सार्वजनिक स्नानगृहांच्या वाट्याला आली. कोरियात मात्र ती गवती छपराच्या झोपडीपर्यंत पोहोचली, आणि म्हणूनच तेथील इतिहास अधिक मोलाचा आहे. तेथे या रचनेला ‘ओंदोल’ म्हणतात. शब्दाचा अर्थ ‘ऊबदार दगड’ असाच काहीसा होतो. जेथे लाकडे घालतात त्या तोंडाचे नाव ‘आगुंगी’. मराठी कानाला त्यात ‘आग’ ऐकू येते, पण हा निव्वळ योगायोग समजावा.

ओंदोलची रचना समजून घेण्यास मराठी माणसाला दूर जावयास नको. आपल्या चुलीला शेजारी वैल असतो. चुलीतला जाळ आतल्या आत त्या बाजूला वळतो आणि वैलावर ठेवलेले आमटीचे भांडे वेगळे जळण न घालता गरम राहते. हा वैल खोलीएवढा मोठा करावा, त्यावर भांड्याऐवजी माणसे निजवावीत, म्हणजे ओंदोल झाले. कोरियन शेतकऱ्याच्या घरी स्वयंपाकघराची जमीन निजण्याच्या खोलीपेक्षा हात-दीड हात खाली असते. चुलीतला धूर सरळ वर न जाता आडवा, शेजारच्या खोलीच्या जमिनीखाली शिरतो. तेथे माती-दगडांचे समांतर पाट बांधलेले असतात आणि त्या पाटांवर सपाट दगडी चिपा बसविलेल्या असतात. दगडांवर मातीचा गिलावा, गिलाव्यावर तेल पाजलेला जाड कागद. पाट संपतात तेथे एक खोलगट खड्डा ठेवतात. त्यात राख आणि काजळी खाली बसते. मग निवलेला धूर भिंतीबाहेरच्या धुराड्यातून निघून जातो. ज्या जाळावर भात शिजला त्याच जाळाने रात्रीचे अंथरूण तापले, असा हा दुहेरी हिशेब आहे.

यात गवंड्याची खरी कसोटी दगड बसविण्यात लागे. चुलीजवळचे दगड जाड आणि त्यांवरील मातीचा थरही जाड. धुराड्याकडे जावे तसतसे दगड पातळ होत जात. तसे केले नाही तर एका टोकाला कागद करपावा आणि दुसऱ्या टोकाला माणूस गारठावा. इतकी काळजी घेऊनही दोन्ही टोके सारखी होत नसतच. चुलीजवळच्या ऊबदार जागेला ‘आरेनमोक’ आणि दूरच्या थंड जागेला ‘विनमोक’ म्हणत. या दोन शब्दांत कोरियन कुटुंबाची सारी उतरंड सामावली होती. आरेनमोक आजी-आजोबांचे, आजाऱ्याचे, नव्या बाळंतिणीचे आणि दारी आलेल्या पाहुण्याचे. धाकट्यांनी पलीकडे सरकावे. घरचा कर्ता माणूस रात्री उशिरा येणार असला तर त्याच्या भाताचे झाकलेले भांडे तेथेच रजईखाली ठेवीत, आणि तो येईपर्यंत भात निवत नसे.

या युक्तीचे वय मोठे आहे. दहाव्या शतकात चीनमध्ये संकलित झालेल्या तांग राजवंशाच्या इतिहासात गोगुर्यो या प्राचीन कोरियन राज्याची हकीगत आहे. तेथील लोक हिवाळ्यात लांबट चर करून त्याखाली विस्तव ठेवतात आणि ऊब घेतात, असे त्या ग्रंथकाराने नोंदविले आहे. त्या काळी सबंध खोली तापत नसे; भिंतीला लागून एक ओटा काय तो तापे. उत्तर चीन आणि मांचुरियातील ‘कांग’ नावाचा निजण्याचा ओटा त्याच कुळातला. पुढे पाटांची संख्या वाढत गेली आणि ओट्याची जमीन झाली. तरीही चोसन राजवटीच्या आरंभी, पंधराव्या शतकात, ही चैनच होती. राजधानीतील राजविद्यालयाच्या वसतिगृहात ओंदोलच्या खोल्या होत्या त्या आजारी विद्यार्थ्यांपुरत्या. धडधाकट विद्यार्थ्याने लाकडी तक्तपोशीवर कुडकुडत अध्ययन करावे, असाच त्याचा अर्थ. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत मात्र ओंदोल दक्षिणेपर्यंत आणि गरिबापर्यंत पसरले. पृथ्वीवर हवामान विशेष थंड झाले होते ते याच काळात, आणि या दोन गोष्टींचा संबंध अभ्यासक जोडतात.

घराची जमीनच ऊबदार झाली की माणसाची वागणूकही तिच्याप्रमाणे बदलते. जोडे उंबऱ्याबाहेर काढायचे, खुर्ची-पलंगाची हौस ठेवायची नाही, जेवण ठेंगण्या चौरंगावर, लिहिणे ठेंगण्या मेजावर, निजणे जमिनीवर. या रीती भारतीय माणसाला परक्या वाटू नयेत; फरक एवढाच की आपण गारव्यासाठी जमिनीला पाठ टेकतो आणि ते उबेसाठी.

सेऊलच्या ग्याँगबोक राजवाड्यात राजमातेच्या महालामागे एक भिंत आहे. तिच्यावर पाइन, बांबू, कासव, हरिण, करकोचा अशी दीर्घायुष्याची चिन्हे भाजक्या मातीत कोरून बसविली आहेत. प्रवासी ती शोभेची भिंत समजून तिची छायाचित्रे घेतात. वस्तुतः ते धुराडे आहे. महालाच्या निरनिराळ्या खोल्यांखालचा धूर जमिनीतून तेथवर आणून सोडला जाई. धूर बाहेर टाकण्याच्या वाटेवर इतकी कारागिरी क्वचितच कोणी खर्ची घातली असेल!

पण ऊब ही फुकट मिळणारी वस्तू नव्हे. तिची पहिली किंमत विस्तव घालणाऱ्याने दिली. रोममध्ये ती गुलामांनी दिली, राजवाड्यात नोकरांनी, आणि शेतकऱ्याच्या घरी पहाटे सर्वांआधी उठून खोलगट, गार स्वयंपाकघरात आगुंगीपुढे बसणाऱ्या सुनेने. दुसरी किंमत डोंगरांनी दिली. घरोघरी हिवाळाभर रोज दोनदा जाळ घालायचा तर झाडे किती पुरणार? चोसन राजांनी पाइनची राने राखण्यासाठी कडक निर्बंध घातले होते, तरी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत वस्तीजवळचे डोंगर उघडे पडत गेले. जहाजे, इमारती, डोंगरउतारावरची शेती आणि पुढे परकी सत्ता यांचाही त्यात वाटा होता. सारा दोष ओंदोलच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. १९५० ते १९५३ च्या युद्धाने उरलेसुरले संपविले. युद्धकैद्यांची देखरेख करण्यासाठी भारताने १९५३ साली जे संरक्षक दल पाठविले त्याचे नेतृत्व मेजर जनरल शंकरराव थोरात या मराठी सेनानीकडे होते. पानमुनजॉमजवळ ‘हिंद नगर’ नावाच्या तंबूंच्या छावणीत त्या दलाने १९५३-५४ चा हिवाळा काढला. कोरियन थंडी म्हणजे काय हे त्या जवानांएवढे थोड्याच भारतीयांना ठाऊक असेल.

युद्धानंतर शहरांतून लाकडाची जागा कोळशाच्या वडीने घेतली. भुकटी दाबून केलेली, उभी भोके असलेली ही नळकांड्यासारखी वडी कित्येक तास सावकाश जळे. गरिबाला परवडणारी, रात्रभर पुरणारी आणि डोंगरांवरील झाडे वाचविणारी अशी ती बहुगुणी होती. तिच्यात एकच वैगुण्य होते, आणि ते भयंकर होते. लाकूड जळते तेव्हा धूर दिसतो, डोळ्यांना झोंबतो. जमिनीला चीर पडली तर घरच्यांना ती लगेच कळते आणि माती कालवून ती बुजविता येते. कोळशाच्या वडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही आणि वासही नाही. शेकडो वर्षे जी चीर केवळ त्रासदायक होती ती आता प्राणघातक ठरली. रात्री ऊबदार अंथरुणात निजलेली माणसे सकाळी उठत नसत. १९५० नंतरची तीन दशके हिवाळ्यात वर्तमानपत्रांतून अशा बातम्या येतच राहिल्या. गुंगी आलेल्याला मोकळ्या हवेत ओढून आणावे आणि मुळ्याच्या लोणच्याचे गार पाणी पाजावे, हा घरगुती उपाय घरोघर ठाऊक होता. त्याने वायू उतरत नाही. मोकळ्या हवेनेच काय तो जीव वाचला असेल.

डोंगरांचे मात्र त्या वडीमुळे भले झाले. दक्षिण कोरियाच्या सरकारने १९७३ साली वनरोपणाची दहा वर्षांची योजना हाती घेतली. खेड्यांसाठी जळणाची वेगळी राने लावली गेली आणि उघडे डोंगर पुन्हा हिरवे झाले. जगात अशी उदाहरणे फार थोडी आहेत. झाडे लावणे सोपे, पण चुलीला दुसरे काही दिल्याखेरीज ती टिकत नाहीत, हे त्या राज्यकर्त्यांना उमगले होते.

या कथेला एक वेगळाच फाटाही फुटला. जपानी सत्तेच्या काळात ओकुरा नावाच्या धनाढ्य व्यापाऱ्याने ग्याँगबोक राजवाड्यातील युवराजाचा महाल उकलून टोकियोस नेला. फ्रँक लॉइड राइट हा अमेरिकन वास्तुशिल्पी तेव्हा टोकियोतील इंपीरियल हॉटेलच्या कामात होता. ओकुराच्या घरी हिवाळ्यात जेवावयास गेला असता गारठ्याने त्याला अन्न गोड लागेना. नंतर त्यास ‘कोरियन खोली’त नेले आणि एकाएकी वसंत ऋतू आल्यासारखे वाटले, अशी हकीगत त्याने स्वतः लिहून ठेविली आहे. खोलीत शेगडी नाही, जाळ नाही, तरी सर्वत्र सुखद ऊब! त्याने हॉटेलच्या स्नानगृहांच्या जमिनीखाली विजेने ऊब आणली आणि १९३७ साली विस्कॉन्सिन राज्यात बांधलेल्या एका लहानशा घरात जमिनीखाली नळ घालून सबंध घर तापविले. ओकुराने नेलेला महाल १९२३ च्या भूकंपात जळाला. त्याचे करपलेले पायाचे दगड १९९५ साली सेऊलला परत आले. पुन्हा बांधण्याच्या उपयोगाचे ते राहिले नव्हते.

त्याच अमेरिकेत विसाव्या शतकाच्या अखेरीस घरापासून काही अंतरावर लोखंडी खोपट्यासारखी लाकडाची भट्टी उभी करून, तिने तापविलेले पाणी जमिनीतील नळांनी घरात खेळविण्याची पद्धत खेडोपाडी रूढ झाली. आपल्या घरातला धूर गेला, पण भट्टीचे धुराडे ठेंगणे असल्यामुळे तो शेजाऱ्याच्या खिडकीत शिरू लागला. तंटे वाढले आणि २०१५ साली संघ सरकारला नव्या भट्ट्यांच्या धुरावर मर्यादा घालावी लागली.

कोरियातील शहरी घरांच्या जमिनीखाली आता गरम पाण्याच्या नळ्या आहेत. उंच इमारतींतील सदनिकांत कळ दाबली की जमीन तापते. लाकूड नाही, कोळसा नाही, पहाटे उठणारी सून नाही. २०१८ साली दक्षिण कोरियाने ओंदोलच्या संस्कृतीला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. पाण्याच्या नळ्या सबंध खोलीत सारख्या फिरतात, त्यामुळे खोलीचा कोणताही कोपरा दुसऱ्याहून अधिक ऊबदार राहत नाही. आजोबांनी कोठे बसावे हे आता जमीन सांगत नाही, आणि उशिरा येणाऱ्याचा भात विजेच्या भांड्यात गरम राहतो.