उळं टाकायचंय

द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी जवळ आली की निफाड तालुक्यात सेमिनारांना ऊत येतो. कुठलंतरी लॉन्स, स्टेजवर फ्लेक्स, औषध कंपनीचा साहेब, शेवटी जेवण. असाच एक सेमिनार ऐन रंगात असताना शेजारचे बाबा उठले. "चाललो. रांगड्या कांद्याचं उळं टाकायचंय."

बाबा सेमिनार सोडून गेले नाहीत, सेमिनारलाच गेले. लॅटिनमध्ये 'सेमेन' म्हणजे बी आणि 'सेमिनारियम' म्हणजे रोपवाटिका. रोमन लोक द्राक्षाची रोपं जिथे वाढवत, ती जागा. आपल्याकडे कांद्याचा गादीवाफा असतो तीच: मऊ, भुसभुशीत माती, दाट पेरलेलं उळं (म्हणजे कांद्याचं बी), झारीनं बेतानं पाणी. सहा-सात आठवड्यांत रोप उपटायचं, जुड्या बांधायच्या आणि दुसऱ्या वावरात लावायचं. वाफ्यातच ठेवलं तर दाटीनं कांदा पोसत नाही. (सेमिनारात वाचलेल्या कित्येक निबंधांचं असंच होतं, पण ते असो.)

हा शब्द शेतातून आधी चर्चमध्ये गेला. पाद्री घडवण्यासाठी रोपवाटिका हव्यात, असं 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं ठरवलं. गोव्यातल्या राशोलची सेमिनारी त्याच वळणाची. अठराव्या शतकात जर्मन विद्यापीठांनी तो उचलला: प्राध्यापकाभोवती मोजके विद्यार्थी, एकानं वाचायचं, बाकीच्यांनी खोडून काढायचं. 'सीझन'सुद्धा याच कुळातला, मुळात पेरणी या अर्थाचा. म्हणजे 'यंदा द्राक्षाचा सीझन वाया गेला' म्हणणारा बागाईतदार नकळत लॅटिनच बोलतो.

मराठीत आपण सेमिनारचं 'चर्चासत्र' केलं. त्यात बी राहिलं नाही, यज्ञ मात्र आला. सत्र म्हणजे पुष्कळ दिवस चालणारा सोमयाग. नैमिषारण्यातलं शौनकाचं सत्र तर बारा वर्षांचं. मला हा शब्द कृत्रिम वाटायचा, पण सत्राचा नियम कळल्यापासून आवडू लागला. सत्रात यजमान वेगळा नसतो. बसलेले सगळेच ऋत्विज, सगळेच यजमान, म्हणून दक्षिणाही कुणी कुणाला द्यायची नाही.

लॉन्सवर मात्र यजमान कंपनी असते, आणि जाताना नमुन्याची पुडी घातलेली पिशवी मिळते. बाबांनी ती उठतानाच मागून घेतली होती.