तेरचे वस्तुसंग्रहालय आणि आपला ठेवा

बौद्ध इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अजिंठा, कार्ले, कान्हेरी ही लेणी उभी राहतात. ती दगडात कोरलेली, म्हणून टिकली. पण जे विटामातीचे होते, त्याचे काय झाले? याचे उत्तर शोधायचे तर धाराशिव (२०२३ पर्यंतचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर या गावी जावे लागते. वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत तिथल्या वस्तुसंग्रहालयाची ओळख करून देण्याचे आम्ही योजले आहे.

तेरणा नदीकाठचे तेर आपल्याला संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून ठाऊक आहे. पण त्याच्याही हजार-बाराशे वर्षे आधी हे 'तगर' नावाचे भरभराटीचे शहर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे लिहिले आहे. तिथले कापड गाड्यांतून भडोच बंदराला जाई आणि पुढे समुद्रापार. व्यापाऱ्यांच्या वाटेनेच भिक्खूही चालत, हे काही नवीन सांगायला नको.

तेरच्या उत्खननात सातवाहन काळातील विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. गावातील त्रिविक्रम मंदिरही विटांचेच. त्याचा मागचा भाग अर्धगोल आणि छप्पर चैत्यगृहासारखे गजपृष्ठाकार आहे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी ते मूळचे बौद्ध चैत्य असल्याचे मत मांडले. सर्वच अभ्यासकांना ते मान्य नाही, हेही सांगितले पाहिजे. आपला इतिहास एवढा मोठा आहे, की तो वाढवून सांगायची गरजच काय?

जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडे 'पांढर' म्हणतात. ही पांढरी माती भिंतींना आणि माळवदाला चांगली, म्हणून लोक पिढ्यान् पिढ्या ती खणून नेत आले. जुन्या विटाही घरांना लागत. त्या मातीबरोबर किती मणी, नाणी, मूर्ती गेल्या असतील, त्याची मोजदाद कोण करणार? पावसाने माती वाहिली की अशा वस्तू वर येतात. पोरे खेळायला घेतात, मोठे फेकून देतात. तेरचे रहिवासी कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी मात्र त्या वर्षानुवर्षे गोळा केल्या, जपल्या. त्याच संग्रहातून आजचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले आणि त्याला त्यांचेच नाव आहे.

मातीच्या मूर्ती, साचे, शंखाच्या बांगड्या, मणी, नाणी असे बरेच काही या संग्रहात आहे. पण सर्वांत नावाजलेली आहे ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इटलीतील पाँपेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथे १९३८ मध्ये भारतीय घडणीची एक हस्तिदंती मूर्ती निघाली. तिचे तेर आणि भोकरदन येथील मूर्तींशी जवळचे साम्य आहे. मराठवाड्यातल्या एका गावाचा धागा असा थेट रोमपर्यंत पोचतो!

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. वस्तू मातीच्या कोणत्या थरात, कशाशेजारी होती, यावरून अभ्यासक तिचा काळ ठरवतात. ती उपटून घरी आणली की निम्मी साक्ष तिथेच बुडते. म्हणून शेतात, पायाच्या खोदाईत काही निघाले तर हात न लावता तहसील कचेरीला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवावे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानेही सापडलेले धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

आणि इतिहास काही जमिनीतच असतो असे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला गेलेल्या पिढीतली माणसे आता फार थोडी उरली आहेत. त्यांचे फोटो, पत्रे, जुनी पत्रके आपल्याच पेट्यांत, माळ्यावर पडून आहेत. घर रंगवायला काढले की ती रद्दीत जातात. पांढरीची माती गेली ती अशीच. तेव्हा फोटोमागे नाव, गाव, साल लिहून ठेवा. आजी-आजोबांना विचारून घ्या. मुलांना एकदा तेरला न्या. एका गावात एका माणसाने जपले म्हणून दोन हजार वर्षे आपल्यापर्यंत आली. आपण निदान आपल्या तीन पिढ्या तरी जपू या.