शून्याची देखभाल : एका संदेशवहन-यंत्रणेचा इतिहास



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आमच्या गणिताच्या सरांनी एकदा आम्हां मुलांना ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या चढावरील चतुर्भुज मंदिरात नेले होते. तेथील विक्रम संवत ९३३चा, म्हणजे इसवी सन ८७६चा शिलालेख त्यांनी दाखविला. २७० आणि ५० या आकड्यांतील वाटोळे शून्य पाहून आम्ही हरखून गेलो. सरांनी मात्र विचारले की, शून्य पाहिलेत, पण लेख कशाविषयी आहे? लेख होता एका तजविजीचा. २७० हात लांब व १८७ हात रुंद अशी जमीन बागेसाठी दिलेली, आणि देवाला दररोज ५० माळा पोहोचाव्यात अशी व्यवस्था लावलेली. शून्याचे ते चिन्ह आपल्यापर्यंत पोहोचले ते एका देखभालीच्या कराराच्या पोटात.

पुढे मी संगणकाच्या व्यवसायात गेलो, आणि नावातच शून्य असलेल्या एका आज्ञावलीशी माझा अनेक वर्षे संबंध आला. तिचे नाव 'झीरोएमक्यू'. तिचा इतिहास आज आपणापुढे मांडावा असे योजिले आहे. कारण त्या इतिहासाचा गाभाही देखभाल हाच आहे.

प्रथम ही वस्तू काय, ते सांगितले पाहिजे. एका संगणकावरील प्रोग्रामला दुसऱ्या संगणकावरील प्रोग्रामशी बोलावयाचे असते. पलीकडचा प्रोग्राम कधी बंद असतो, कधी तार तुटते, कधी संदेश इतके साचतात की घेणाऱ्याची दमछाक होते. हा सारा व्याप प्रत्येकाने नव्याने लिहीत बसू नये म्हणून संदेशवहनाची तयार चौकट लागते. शेअरबाजारातील भाव क्षणार्धात शेकडो पडद्यांवर दिसावेत, ही गरज तर १९८०च्या दशकातच निर्माण झाली होती. मुंबईत जन्मलेले आणि अमेरिकेत स्थिरावलेले विवेक रणदिवे यांनी त्याच दशकात 'इन्फर्मेशन बस' ही कल्पना तेथील वित्तव्यवसायात रुजविली. १९९७ मध्ये त्यांनी टिब्को ही कंपनी स्थापन केली. आयबीएमने १९९३ मध्ये 'एमक्यूसिरीज' बाजारात आणली. ही उत्पादने समर्थ होती, परंतु ती खासगी मालकीची होती, महाग होती, आणि एकीची भाषा दुसरीस कळत नसे.

या अडचणीवर उपाय म्हणून २००३ मध्ये जेपी मॉर्गन चेस या बँकेतील जॉन ओहारा यांनी सर्वांसाठी खुल्या अशा नियमावलीचा घाट घातला. तिचे नाव 'एएमक्यूपी'. ती लिहिण्याच्या कामी बेल्जियममधील आयमॅटिक्स या छोट्या कंपनीचे पीटर हिंटयेन्स यांचा मोठा वाटा होता. परंतु नियमावली जसजशी अनेक कंपन्यांच्या समितीत गेली, तसतशी ती जड होत चालली, असे हिंटयेन्स यांचे मत झाले. २०१० मध्ये आयमॅटिक्सने त्या समितीतून अंग काढून घेतले. तोवर मार्टिन सूस्त्रिक या स्लोव्हाक अभियंत्याने २००७च्या सुमारास आरंभिलेली झीरोएमक्यू हाती आली होती.

नावातील शून्याचा पहिला अर्थ असा, की मध्ये टपालकचेरी नाही. जुन्या पद्धतीत प्रत्येक संदेश आधी एका मध्यस्थ यंत्रणेकडे जाई व तेथून त्याचा बटवडा होई. झीरोएमक्यूमध्ये ही कचेरी सक्तीची नाही; ती एक लहानशी लायब्ररी असून प्रत्येक प्रोग्रामच्या आतच राहते. पलीकडचा जागेवर नसेल तर ती संदेश काही काळ सांभाळून ठेवते आणि जोडणी तुटल्यास आपण होऊन पुन्हा जोडते. प्रश्न आणि उत्तर, एकाने सांगावे व अनेकांनी आपापल्या विषयापुरते ऐकावे, आणि कामांचा ढीग अनेक हातांत वाटून द्यावा, अशा देवघेवीच्या ठरावीक रीती तिच्यात बसविलेल्या आहेत. २०११ मध्ये युरोपातील सर्न या संशोधनसंस्थेने आपल्या कणत्वरकांच्या नियंत्रणासाठी अशा अनेक चौकटींची तुलना केली, तेव्हा पहिली पसंती हिलाच मिळाली. आज वैज्ञानिक वापरतात त्या 'ज्युपिटर' वहीतही पडदा आणि गणिती यंत्रणा यांच्यामधील निरोप हीच पोहोचविते.

मूळ आज्ञावली ज्याने लिहिली तो पुरुष पुढे तिच्यासोबत राहिला नाही. २०१२च्या आरंभी सूस्त्रिक आणि त्यांचे सहकारी मार्टिन लुचिना हे दोघे मतभेदांमुळे बाजूला झाले. त्यांनी 'क्रॉसरोड्स आयओ' ही वेगळी शाखा काढली. पुढे सूस्त्रिक यांनी 'नॅनोमेसेज' ही नवी लायब्ररी सी भाषेत पहिल्यापासून लिहिली. घराचे वासे रचणारेच निघून गेले म्हणजे घर बसते, असा आपला अनुभव. येथे तसे झाले नाही, याचे कारण हिंटयेन्स यांनी सिद्ध केलेला एक लेखी करार. तो 'सी फोर' या नावाने ओळखला जातो.

त्यातील कलमे साधी आहेत. प्रत्येक दुरुस्तीने एकच नेमकी आणि मान्य झालेली अडचण सोडवावी, व ती शक्य तितकी लहान असावी. देखभाल करणाऱ्याने आपली स्वतःची दुरुस्ती, अपवाद वगळता, स्वतःच स्वीकारू नये. नियमांत बसणारी दुरुस्ती, ती आपल्याला आवडो वा न आवडो, दाखल करून घ्यावी. चुकीची निघाली तर पुढच्या दुरुस्तीने सुधारावी. एकदा जगाला दिलेला शब्द, म्हणजे बाहेरच्यांनी ज्यावर आपली कामे उभारली ती वागणूक, मोडू नये. आणि शेवटचे, सर्वांत दूरगामी कलम असे, की ज्याने जे लिहिले त्याचे स्वामित्व त्याचेच राहावे. ते कोणा एका कंपनीच्या वा व्यक्तीच्या नावे करू नये. मालकी सर्वांत विखुरलेली असली म्हणजे ती एकत्र विकता येत नाही, हा त्यामागील हिशेब होता.

येथे माझी एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो, तेथे या लायब्ररीतील एक दोष आम्हांस सापडला. मी तो आमच्यापुरता दुरुस्त केला आणि दुरुस्ती मूळ ठिकाणी पाठविली नाही. वेळ नाही असे मनाशी म्हटले. वर्षभराने नवी आवृत्ती आली तेव्हा आमची ठिगळे तिच्याशी जुळेनात. जे काम एका सायंकाळी पाठवून देता आले असते, त्यापायी आम्ही तीन आठवडे रात्री जागलो. फुकट मिळालेल्या वस्तूची देखभाल कोणी तरी दुसरा करीत असतो, हे तोवर माझ्या ध्यानीच आले नव्हते.

हिंटयेन्स यांना कर्करोग झाला होता. २०१६च्या वसंतात तो बळावल्यावर, मरणाऱ्या माणसाशी कसे वागावे याविषयी त्यांनी एक शांत लेख लिहिला. आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबर रोजी, बेल्जियमच्या कायद्यातील स्वेच्छामरणाच्या तरतुदीनुसार, त्यांनी जगाचा निरोप घेतला. ते त्रेपन्न वर्षांचे होते. त्यांच्यामागे आज्ञावली थांबली नाही; दुरुस्त्या येत राहिल्या, आवृत्त्या निघत राहिल्या.

परंतु विखुरलेल्या मालकीची किंमतही चुकवावी लागली. लायब्ररीचा जुना परवाना 'एलजीपीएल' आणि त्यास जोडलेली एक खास सवलत, असा दुपदरी होता. तो बदलून 'मोझिला पब्लिक लायसन्स' हा सुटसुटीत परवाना आणावयाचे ठरले. पण मालक तर सारेच! ज्या ज्या माणसाच्या ओळी आज्ञावलीत होत्या, त्याची त्याची लेखी संमती मिळविणे प्राप्त झाले. कोणी नोकरी बदललेली, कोणी या व्यवसायातूनच बाहेर पडलेला. जेथे संमती मिळू शकली नाही, तेथे तो भाग जुना मजकूर न पाहता नव्याने लिहावा लागला. हे काम वर्षानुवर्षे चालले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालेल्या ४.३.५ या आवृत्तीबरोबर पुरे झाले. संस्थापकाच्या मृत्यूस तेव्हा सात वर्षे लोटली होती. या चिवट पत्रव्यवहारात प्रतिभेची चमक कोणास दिसणार नाही. पण माझ्या मते या इतिहासातील सर्वांत मोठे काम तेच होय.

निर्मात्यांचे इतिहास आपण आवडीने लिहितो, सांभाळणाऱ्यांचे लिहीत नाही. सूस्त्रिक यांच्या बुद्धीवाचून झीरोएमक्यू जन्मली नसती हे खरे. परंतु ती जगली ती त्यांच्यानंतर आलेल्या, एकमेकांना कधीही प्रत्यक्ष न भेटलेल्या माणसांमुळे; आणि ती माणसे एकत्र काम करू शकली ती सर्वांना वाचता येईल अशा एका लेखी करारामुळे.

आज या सभागृहात बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकजण अशा मुक्त आज्ञावलींवर आपला चरितार्थ चालवितात. त्यांना माझी विनंती एवढीच, की दोष सापडला तर दुरुस्ती स्वतःपाशी ठेवू नका, जेथून वस्तू आणली तेथे ती परत पाठवा. तीन आठवड्यांची रात्रपाळी करून मी हा धडा शिकलो; वास्तविक तो सरांनी मला त्या मंदिरातच दिला होता. तेव्हा मी फक्त शून्य पाहिले. रोजच्या ५० माळांची ओळ वाचावयास मला फार उशीर झाला.