केंद्रकाभोवतीची रेघ कोण काढतं?

‘एआय आता कॅन्सर ओळखणार’ अशी बातमी हल्ली कुणी ना कुणी फॉरवर्ड करतंच. त्यामागचा इतिहास मात्र फारसा कुणी सांगत नाही, म्हणून ही पोस्ट.

पॅथॉलॉजिस्ट स्लाइडवर पेशीचं केंद्रक नीट न्याहाळतात. किती मोठं, किती गडद, कडा गुळगुळीत की वेडीवाकडी? कॅन्सरमध्ये हेच बिघडतं. मग मोजायला यंत्र का नको? अमेरिकेत हा विचार १९५० च्या दशकातच झाला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी पॅप चाचणी पसरत होती आणि ढीगभर स्लाइड बघायला माणसं अपुरी. ‘सायटोॲनालायझर’ नावाचं यंत्र बनलं. ते केंद्रकाचा आकार आणि गडदपणा मोजायचं. पण एकमेकींवर चढलेल्या साध्या पेशीही त्याला संशयास्पद वाटायच्या. खोटे इशारे इतके, की प्रकल्प गुंडाळावा लागला.

१९९० च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात सर्जन वोल्बर्ग आणि गणितज्ञ मंगासारियन यांच्या गटाने स्तनाच्या गाठीतून सुईने काढलेल्या पेशी मोजल्या. ५६९ नमुने, प्रत्येकाचे ३० आकडे. मशीन लर्निंग शिकणारी आपली पोरं आजही याच आकड्यांवर हात साफ करतात. पण त्या प्रत्येक केंद्रकाभोवती आधी माणसाने माऊसने ढोबळ रेघ काढली होती, मग संगणकाने ती नेमकी बसवली, हे किती जणांना माहीत असतं?

२०१७ मध्ये आयआयटी गुवाहाटीच्या गटाने सात अवयवांच्या ३० चित्रांतली २१ हजारांहून जास्त केंद्रकं हाताने आखून जगाला खुली केली. अभिमानाचीच गोष्ट. पण ती चित्रं होती अमेरिकेतल्या संग्रहातली.

मला मेख इथे दिसते. यंत्र शिकतं ते माणसाने काढलेल्या रेघांवरून. स्लाइडचा रंग लॅबप्रमाणे बदलतो, काप जाड-पातळ होतो, आणि एका ठिकाणी हुशार ठरलेलं यंत्र दुसरीकडे गडबडतं.

म्हणून उद्या आपल्या जिल्हा रुग्णालयात असं यंत्र आलं, तर फीत कापण्याआधी तीन गोष्टी विचारूया. आपल्याकडच्या स्लाइडवर ते तपासलं का? स्लाइड नीट बनवणारा टेक्निशियन आहे का? आणि शेवटी रिपोर्टवर सही करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टची जागा भरली आहे का?

तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर आधी ती जागा भरा. यंत्र त्यानंतर आणा.