वऱ्हाड बरोबर वऱ्हाड?

वऱ्हाड या नावाला रूपांची वाण कधीच नव्हती. अबुल फजल ‘आईन-इ-अकबरी’त या प्रांताचे मूळ नाव ‘वरदातट’, म्हणजे वर्धा नदीचा काठ, असे सांगतो. फारसी दप्तरात तो ‘बरार’ झाला, इंग्रजी दप्तरात ‘बेरार’. अमरावतीचेही तसेच. उमरावतीच्या बाजाराचा कापूस लिव्हरपूलच्या व्यापारात ‘ऊमरा’ या नावाने ओळखला जाई. अक्षरे बदलली तरी गाव तेच, हे दलालाला कळत होते. दोन नावे एकच की वेगळी, हे माणूस ठरवत होता. आता ते काम संगणकाच्या तुलनाचिन्हांकडे गेले आहे.

या चिन्हांचा इतिहास जुना आहे. १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने बरोबरीसाठी दोन समांतर रेघा योजल्या. त्यांच्याहून अधिक सारख्या दोन वस्तू असू शकत नाहीत, असे त्याचे कारण होते. ‘लहान’ आणि ‘मोठे’ यांची < आणि > ही चिन्हे थॉमस हॅरियटच्या, त्याच्या मृत्यूनंतर १६३१ मध्ये निघालेल्या ग्रंथात छापली गेली. संगणकाच्या भाषांत मात्र अडचण आली. १९५७ च्या फोर्ट्रानने = हे चिन्ह ‘ही किंमत ठेव’ या आज्ञेसाठी वापरले. म्हणून ‘हे दोन्ही सारखे आहेत का?’ या प्रश्नासाठी ‘बी’ आणि तिच्यातून आलेल्या ‘सी’ या भाषांनी == असे दुहेरी चिन्ह घेतले.

पुढे स्क्रिप्टिंग भाषा आल्या. १९८७ च्या पर्लने आकड्यांसाठी == ठेवले आणि मजकुरासाठी वेगळा शब्द दिला. १९९५ च्या जावास्क्रिप्टचे == सैल निघाले; आकडा पाच आणि अवतरणात लिहिलेला पाच त्याला सारखेच वाटतात. म्हणून === हे कडक चिन्ह आले आणि १९९९ च्या प्रमाणित आवृत्तीत दाखल झाले.

पण दोन्ही बाजूंना मजकूर असेल, तर सैल आणि कडक दोन्ही चिन्हे एकच गोष्ट करतात: अक्षरांचे संकेतांक ओळीने पडताळतात. नेमके इथेच वऱ्हाड अडते. युनिकोडमध्ये या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक, स्वतंत्र ‘ऱ’ आणि हलन्त. दुसरा, साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, पण यंत्र म्हणते, सारखे नाहीत. संकेतांक एकरूप करण्याची युनिकोडची प्रमाणित रीतही या दोहोंना एक करत नाही. अर्धा र टंकता न आल्यामुळे रूढ झालेले ‘व-हाड’ हे तिसरे रूप तर निराळेच राहते.

लहान-मोठ्याच्या चिन्हाचेही असेच आहे. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच मागे येतो. मराठी वर्णमालेत तो ह च्या नंतर. त्यामुळे यंत्राच्या यादीत ‘माळ’ आधी आणि ‘मासा’ नंतर येतो, मराठी क्रमाने उलट.

याच्या उलट चूकही होते. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगातले वऱ्हाड लग्नाचे आहे, प्रांताचे नव्हे. पण संकेतांक जुळले की यंत्र त्यांना एक मानते. प्रांताचा इतिहास शोधणाऱ्यापुढे ते लग्नघर आणून ठेवते आणि ‘व-हाड’ नावाने नोंदलेला ग्रंथ मात्र दडवते.

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. अमरावती किंवा अकोल्याच्या एखाद्या ग्रंथालयाची सूची तीन हातांनी, तीन कळफलकांवर टंकली गेली, तर वऱ्हाडावरची पुस्तके तीन ठिकाणी विखुरतात. अभ्यासकाला त्यातला एक ढीग दिसतो. उरलेली पुस्तके लिहिलीच गेली नाहीत, असे तो समजतो, आणि सूचीतली उणीव इतिहासातली उणीव ठरते.

उपाय अवघड नाही. तुलना करण्याआधी सगळी रूपे एका ठरावीक रूपात आणायची. त्याला आज्ञावलीच्या चार-दोन ओळी पुरतात. मात्र कोणती रूपे एक मानायची आणि क्रम कोणता धरायचा, ही यादी मराठी जाणणाऱ्यांनीच करून द्यायला हवी. जुने ग्रंथ भराभर संगणकावर चढत आहेत. ही यादी त्या नोंदींच्या आधी तयार असली पाहिजे. वऱ्हाड आणि व-हाड एकच, हे अकोल्याच्या माणसाला कुणी सांगावे लागत नाही. यंत्राला ते सांगावे लागते.