रेक्स, ऑड्री आणि सिरी : फोनशी बोलण्याची शंभर वर्षं

मंडळी, या वीकेंडचा विषय रोजच्या वापरातला आहे. फोनशी बोलून त्याच्याकडून काम करून घेणं. "सहाचा अलार्म लाव", "आईला फोन लाव", "घरी जायचा रस्ता दाखव" वगैरे. आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं की ही भानगड २०११ मध्ये सिरी आली तेव्हा सुरू झाली. प्रत्यक्षात ही गोष्ट जवळजवळ शंभर वर्षं जुनी आहे आणि तिची सुरुवात होते एका खेळण्यातल्या कुत्र्यापासून.

१९२० च्या दशकात अमेरिकेत 'रेडिओ रेक्स' नावाचं एक खेळणं मिळायचं. एक छोटंसं घर, आत एक कुत्रा. "रेक्स!" अशी हाक मारली की कुत्रा टुणकन बाहेर. आत ना चिप, ना सॉफ्टवेअर. कुत्र्याच्या मागे स्प्रिंग आणि त्याला धरून ठेवणारा विद्युतचुंबक, बस्स. 'रेक्स' मधल्या 'ए' या स्वरात ५०० हर्ट्झच्या आसपास बरीच ऊर्जा असते. तेवढ्या कंपनाने सर्किट क्षणभर तुटायचं, चुंबक सुटायचा आणि स्प्रिंग कुत्र्याला बाहेर ढकलायची. म्हणजे रेक्सला स्वतःचं नाव कळत नव्हतंच! त्याच पट्टीतला दुसरा कुठलाही जोरदार आवाज त्याला चालला असता.

यातली खरी गंमत पुढे आहे. १९५२ मध्ये बेल लॅब्सच्या पीटरसन आणि बार्नी यांनी इंग्रजी स्वर मोजले. याच 'ए' चा पहिला ठळक पट्टा पुरुषांच्या आवाजात सरासरी ५३० हर्ट्झवर, बायकांच्या ६१० वर आणि लहान मुलांच्या ६९० वर सापडला. थोडक्यात काय, तर खेळणं मुलांसाठी आणि ट्यूनिंग बाबांच्या आवाजाचं :)

हा कुत्रा लक्षात ठेवा. व्हॉइस कंट्रोलच्या पुढच्या सगळ्या इतिहासात दोनच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. एक, यंत्राला किती गोष्टींमधून एक ओळखायची आहे? आणि दोन, यंत्र कुणाच्या आवाजावर बेतलेलं आहे? रेक्सचं उत्तर होतं: एकच गोष्ट, आणि बाबांच्या.

१९५२ मध्येच बेल लॅब्समध्ये डेव्हिस, बिडल्फ आणि बालाशेक या तिघांनी 'ऑड्री' बनवली. हे माणसाएवढ्या उंचीचं, नळ्या आणि वायरींनी भरलेलं कपाट शून्य ते नऊ हे इंग्रजी आकडे ओळखायचं. ज्याच्या आवाजाला ते जुळवून घेतलंय त्याने प्रत्येक आकड्यानंतर किंचित थांबत बोललं, तर अचूकता ९७ टक्क्यांच्या वर. दुसरा माणूस बोलायला लागला की ती घसरायची. टेलिफोन कंपनीला हे कशाला हवं होतं ते उघड आहे: नंबर फिरवण्याऐवजी बोलायचा. पण डायल फिरवणं स्वस्त होतं, वेगवान होतं आणि कुणाच्याही बोटाने चालत होतं. आवाजाचा खरा स्पर्धक दुसरं यंत्र नाही, आपलं बोट आहे. आजही.

पुढे १९६२ च्या सिएटलच्या जागतिक प्रदर्शनात आयबीएमने 'शूबॉक्स' दाखवला. नावाप्रमाणे बुटाच्या खोक्याएवढा. त्याला १६ शब्द यायचे: दहा आकडे आणि प्लस, मायनस, टोटल अशा सहा आज्ञा. दहा वर्षांत एका आकडी यादीचे सोळा शब्द झाले. हा वेग बघून सगळेच खूश नव्हते. १९६९ मध्ये बेल लॅब्सच्याच जॉन पिअर्स यांनी एक जहाल पत्र प्रसिद्ध केलं. या क्षेत्रात विज्ञान कमी आणि पैसे मिळवण्यापुरती स्वप्नं जास्त आहेत, असा त्यांचा सूर होता. माणूस ऐकतो तेव्हा तो भाषा आणि विषयही जाणत असतो, नुसत्या ध्वनींवरून यंत्राला ते कसं जमणार, हा त्यांचा आक्षेप. त्यानंतर बेल लॅब्समधलं या विषयावरचं काम काही वर्षं थंडावलं.

मुद्दा मात्र बरोबर होता, आणि त्याचं उत्तर शोधणाऱ्यांत एक आपला माणूस होता. आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मलेले, मद्रासच्या गिंडी कॉलेजात इंजिनिअर झालेले राज रेड्डी. (१९९४ मध्ये त्यांना ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.) अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पा या संस्थेने १९७१ मध्ये पाच वर्षांचा प्रकल्प काढला: हजार शब्द ओळखून दाखवा. रेड्डींच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या गटातून १९७६ मध्ये ब्रूस लोवेर यांची 'हार्पी' बाहेर पडली. शब्द १०११. पण खरी युक्ती शब्दांच्या संख्येत नव्हती. हार्पीला वाक्यांचं एक ठरलेलं व्याकरण दिलेलं होतं, त्यामुळे कुठल्याही टप्प्यावर पुढे येऊ शकणारे शब्द सरासरी ३३ च असायचे. हजारातून एक ओळखायचा नाही, तेहेतीसातून एक! प्रश्नच लहान करून टाकला.

त्याच सुमाराला कार्नेगी मेलनमध्ये जेम्स बेकर आणि आयबीएममध्ये फ्रेडरिक जेलिनेक यांनी आणखी एक पाऊल टाकलं. व्याकरण हाताने लिहायचंच कशाला? ढीगभर मजकूर आणि आवाज घ्या आणि कुठल्या शब्दानंतर कुठला येण्याची शक्यता किती, हे मोजा. प्रोबॅबिलिटी. आपण सेकंड इयरला ज्याच्या नावाने बोटं मोडली, तोच विषय. बेकर आणि त्यांच्या पत्नी जॅनेट यांनी १९८२ मध्ये ड्रॅगन सिस्टिम्स काढली. १९९० च्या ड्रॅगन डिक्टेटची किंमत होती ९००० डॉलर, आणि दर शब्दानंतर थांबावं लागायचं. न थांबता बोलता येईल असं सॉफ्टवेअर त्यांनी १९९७ मध्ये आणलं.

आता फोनकडे येऊ. बाबा-काकांच्या पिढीने पहिल्या मोबाइलवर 'व्हॉइस डायल' वापरलं असेल. आधी आपणच "काका" असं रेकॉर्ड करायचं, मग बटण दाबून पुन्हा "काका" म्हणायचं. अशा फोनची नेहमीची युक्ती म्हणजे रेकॉर्ड केलेल्या नमुन्याशी नवा आवाज कमीजास्त ताणून जुळवून बघणं. भाषा कुठलीही चालायची, कारण फोनला भाषा कळायचीच गरज नव्हती. वीस-तीस नावं आणि एकच मालक. रेक्सचे दोन्ही प्रश्न एका झटक्यात सोपे.

खरी उडी पडली ती ओळखण्याचं काम फोनमधून सर्व्हरवर गेल्यावर. २००७ मध्ये गूगलने अमेरिकेत 'गूग-४११' नावाची फुकट चौकशी सेवा सुरू केली. फोन करा, दुकानाचं नाव सांगा, नंबर मिळवा. ही समाजसेवा कशासाठी? गूगलच्या तेव्हाच्या अधिकारी मरिसा मायर यांनी त्याच वर्षी मोकळेपणाने सांगितलं की आम्हाला लोकांच्या बोलण्याचे नमुने हवे आहेत. २००८ मध्ये आयफोनवर गूगलचा व्हॉइस सर्च आला आणि २०१० मध्ये गूग-४११ बंद झाली. सिरीही अशीच लष्करी पैशातून आलेली. एसआरआय या संशोधन संस्थेच्या 'कॅलो' प्रकल्पातून निघालेली कंपनी ॲपलने २०१० मध्ये विकत घेतली आणि ४ ऑक्टोबर २०११ ला आयफोन ४एस बरोबर सिरी जगासमोर आली. दुसऱ्याच दिवशी स्टीव्ह जॉब्ज गेले. २०१२ पासून न्यूरल नेटवर्क आली आणि चुकांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं.

मग इतकं सगळं झाल्यावरही बहुतेक लोक फोनशी बोलून अलार्म, टायमर, फोन लावणं आणि गाणी याच्या फार पुढे का जात नाहीत?

माझ्या मते याचं उत्तर हार्पीच्या त्या ३३ शब्दांत आहे. ही कामं चालतात कारण तिथे यादी छोटी आहे. "अलार्म" म्हटल्यावर पुढे वेळच येणार. "फोन लाव" नंतर तुमच्याच संपर्कातलं नाव येणार. चूक झाली तर नुकसान शून्य. आणि हात कणकेत किंवा स्टिअरिंगवर असतील तर बोट स्पर्धेतून बाद. व्हॉइस कंट्रोलची उपयुक्तता या चौकटीत शंभर टक्के खरी आहे.

चौकटीबाहेर गेलं की घोटाळे सुरू. स्क्रीनवर बटणं दिसतात, बोलण्याचा मेनू दिसत नाही. काय विचारता येईल हे कळायला मार्गच नाही. दोनदा "मला समजलं नाही" ऐकलं की माणूस बोटाकडे वळतो आणि परत येत नाही. चुकलेला एक शब्द दुरुस्त करायला पुन्हा बोलण्यापेक्षा टाइप करणं सोपं. ऑफिसच्या ओपन फ्लोअरवर किंवा ८:१२ च्या फास्ट लोकलमध्ये बँकेचा व्यवहार बोलून कोण करणार? गाडी चालवताना हात मोकळे राहतात हे खरं, पण डोकं मोकळं राहतंच असं नाही. अमेरिकेतल्या एएए फाउंडेशनने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आज्ञा देऊन झाल्यावरही लक्ष पूर्ण परत यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो असं आढळलं. आणि रेक्स तर अजून जिवंत आहेच. एप्रिल २०१७ मध्ये बर्गर किंगने टीव्हीवरच्या जाहिरातीत "ओके गूगल" म्हणून प्रश्न विचारला आणि घरोघरची यंत्रं उत्तर देत सुटली.

चॅटजीपीटीनंतरचे मोठे मॉडेल आले आणि पहिला प्रश्न बराच सैल झाला. आता ठरलेल्या शब्दांत बोलावं लागत नाही. पण वाक्य समजणं वेगळं आणि काम होणं वेगळं. ज्या ॲपने आत शिरायला दार ठेवलेलं नाही, तिथे नुसतं समजून काय उपयोग?

दुसरा प्रश्न मात्र तसाच आहे. कुणाचा आवाज? २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ॲपल, ॲमेझॉन, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाचही कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या. गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात शंभरात सरासरी १९ शब्द चुकत होते, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. देश तोच, भाषाही तीच. २०२२ मध्ये ओपनएआयचं 'व्हिस्पर' ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकून आलं. त्यात इंग्रजीचा डोंगर, आणि मराठीच्या वाट्याला त्यातला कणभर.

मराठीत नुसता आवाज नाही, मोजणीही वेगळी. आपण "पावणेसात", "साडेअकरा", "दीडशे", "अडीच हजार" म्हणतो. एकवीस ते नव्व्याण्णव हे जवळजवळ सुटे सुटे शब्द, तेही जोडाक्षरांचे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? मुलांना जे अवघड जातं म्हणून तो बदल झाला, तेच यंत्रालाही शिकावं लागतं. ऑड्रीला दहा आकडे पुरले, मराठी ऑड्रीला शंभर लागतील. पैशाच्या व्यवहारात "एकोणसाठ" चं "एकोणसत्तर" झालं तर ते विनोदावारी नेता येत नाही.

काम झालेलंच नाही असं नाही. टीआयएफआर आणि आयआयटी मुंबईच्या लोकांनी मराठी शेतकऱ्यांचे आवाज जिल्ह्याजिल्ह्यांतून मोबाइलवर रेकॉर्ड करून, फोनवर शेतमालाचा बाजारभाव सांगणाऱ्या यंत्रणेसाठी वापरले. इतर पाच भारतीय भाषांतही हाच प्रकल्प चालला. मला हा प्रकल्प सिरीपेक्षा जास्त हुशार वाटतो. पिकाचं नाव, बाजाराचं नाव, भाव. यादी छोटी, आणि आवाज ज्याला वापरायचंय त्याचाच. दोन्ही प्रश्न सुटले. गूगलच्या व्हॉइस सर्चमध्ये मराठी २०१७ मध्ये आली, असिस्टंटमध्ये २०१८ मध्ये. केंद्र सरकारचं 'भाषिणी' २०२२ मध्ये सुरू झालं.

हे महत्त्वाचं अशासाठी की तुमच्या-माझ्यासाठी व्हॉइस कंट्रोल ही चैन आहे. नाही चाललं तर आपण टाइप करतो. ज्याला दिसत नाही, ज्याचे हात चालत नाहीत, ज्या आजीला वाचता येत नाही, त्यांच्याकडे बोट हा पर्यायच नाही. गूगलने २०१८ मध्ये 'व्हॉइस ॲक्सेस' आणि ॲपलने २०१९ मध्ये 'व्हॉइस कंट्रोल' आणलं, ज्यात अख्खा फोन नुसत्या बोलण्यावर चालतो. पण पक्षाघातानंतर बोलणं जड झालेल्या आजोबांचं, किंवा इंग्रजी न येणाऱ्या झाडीपट्टीतल्या मावशींचं बोलणं ट्रेनिंगच्या डेटात सगळ्यात कमी सापडतं. म्हणजे ज्याला गरज सगळ्यात जास्त, त्याचंच बोलणं यंत्राला सगळ्यात कमी कळतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी कंपनी स्टेजवरून "९५ टक्के अचूक" असं सांगेल तेव्हा टाळ्या वाजवायच्या आधी एवढंच विचारा: कुणाच्या आवाजात? शंभर वर्षांपूर्वी बाबांनी हाक मारली की कुत्रा बाहेर यायचा. घरातल्या बाकीच्यांनी मारल्यावर तो येतो का, हे तपासायचं काम आता आपल्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांचं आहे.

असो. बराच मोठा झाला लेख. भेटू पुढच्या वीकेंडला.