राणीचा मुक्काम, वळिवडे

तुम्ही पाचगणीच्या बाजारपेठेत उभे आहात. तारीख २ मे १९४४, वार मंगळवार. स्ट्रॉबेरी आइस्क्रीमच्या पाट्या नाहीत, गाडी कुठं लावायची यावरून भांडणं नाहीत. सिल्व्हर ओकची झाडं मात्र तीच. लढाईमुळे पेट्रोल मोजून मिळतं, म्हणून वाईकडं जाणारी सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालते. मागे बांधलेल्या उभ्या भट्टीत क्लीनर सळई घालून निखारे ढवळतोय आणि रांगेतल्या सगळ्यांचे डोळे चुरचुरताहेत.

तुमच्या पुढं दहा-अकरा वर्षांची एक मुलगी आहे. पिवळट केसांच्या दोन घट्ट वेण्या, उन्हानं सोललेलं नाक. सोबत एक मध्यमवयीन बाई, हातात पत्र्याची पेटी. दोघी पोलंडच्या. कोल्हापूरजवळ वळिवड्याला त्यांची छावणी आहे. छाती कमजोर झालेल्या मुलांना तिथून हवापालटासाठी इथं पाठवतात. पाचगणी त्याच कामासाठी नावाजलेली, डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी इथं क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं ते १९१२ साली. स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागलाय, पण तो अजून अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत आहे. या मुलीवर जो इलाज झाला तो डोंगराची हवा, दूध, अंडी आणि सक्तीची विश्रांती एवढाच. तेवढ्यावर ती बरी झालीय. आता ती छावणीत परत चाललीय, आणि तेही घाईनं.

“उद्या आमच्या राणीचा सण आहे,” ती म्हणते. (भाषेची अडचण आज तुम्हाला येणार नाही. इतकी वर्षं ओलांडून आलात, तेवढी सवलत मिळायलाच हवी.)

राणी तिच्या गळ्यात आहे. काळ्या दोऱ्यात ओवलेला, चार आण्याच्या नाण्याहून लहान असा हलक्या धातूचा बिल्ला. मुलगी तो तुमच्या तळहातावर ठेवते. कडेवर बाळ घेतलेली बाई ओळखू येते, पण चेहरा घासून गुळगुळीत झालाय. मूळ चित्रात उजव्या गालावर दोन वार आहेत, ते या बिल्ल्यावर उरलेले नाहीत. बिल्ला आधी तिच्या आईचा होता. फेब्रुवारी १९४० मध्ये रशियन शिपायांनी रात्री दार ठोठावून अर्ध्या तासात घर रिकामं करायला लावलं, तेव्हा आईनं तो दोऱ्यासकट तिच्या गळ्यात घातला. पुढं गुरांच्या डब्यातून उत्तरेकडची जंगलं, मग कझाकस्तान, १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून इराण, तिथून कराची आणि शेवटी कोल्हापूर. आई कझाकस्तानपर्यंत होती.

मोटार पसरणीचा घाट उतरू लागते. मागं महाबळेश्वरापलीकडं जावळीचं खोरं राहतं. ते ध्यानात ठेवा, कारण आता तारखा जुळवायच्या आहेत. १६५५ च्या अखेरीस स्वीडनच्या फौजांनी पोलंड जवळजवळ गिळलं होतं. राजा यान काझिमिएझ परागंदा. चेन्स्तोहोवा गावच्या यास्ना गुरा मठाला मात्र वेढा पडूनही तो पडेना. महंत कोर्देत्स्की मूठभर शिबंदीनिशी आत टिकून राहिला. गालावर वार असलेलं सावळ्या मरियेचं ते चित्र याच मठाचं. वेढा उठला तेव्हा श्रेय कुणाला मिळणार हे उघडच होतं. राजा परतला आणि १ एप्रिल १६५६ रोजी ल्वूफच्या कॅथीड्रलमध्ये गुडघे टेकून त्यानं मरियेला आपल्या राज्याची राणी म्हणून जाहीर केलं. त्याच वर्षी जानेवारीत शिवाजीराजांनी चंद्रराव मोऱ्यांची जावळी घेतली होती. प्रतापगडाचं बांधकामही तेव्हाचंच, आणि काही वर्षांनी गडावर भवानी बसली.

मोह होतो दोन्ही गोष्टी एकाच दावणीला बांधण्याचा. पण भवानी राजाची पाठीराखी. सिंहासन राजाचंच राहिलं. यान काझिमिएझनं सिंहासनच मरियेच्या नावावर केलं. सातबाऱ्यावर मालकाचं नाव लावावं तसं. आणि हा फेरफार पुढं किती कामाला आला! १७७२ ते १७९५ या काळात रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं तीन वेळा वाटण्या करून पोलंड नकाशावरून पुसलं, ते १९१८ पर्यंत. १२३ वर्षं राजा नाही, सीमा नाही, फौज नाही. राणी मात्र होती, कारण तिला पदच्युत करायचं तर झार, कैसर, कुणाच्याच हाती ते नव्हतं. देश परत उभा राहिल्यावर तिचा सण ३ मेला धरला, १७९१ च्या संविधानाच्या तारखेला. धर्म आणि राज्यघटना एकाच दिवशी, पोलिश डोक्याला यात काही विसंगत वाटत नाही. मेक्सिकोत १८१० साली इदाल्गो पाद्रीनं ग्वादालूपेच्या मरियेचं निशाण घेऊन बंड पुकारलं, त्यालाही वाटलं नव्हतं.

वाई मागं टाकून वाठार स्टेशन. इथून मिरजेला जाणारी मीटरगेजची गाडी. डबा खच्चून भरलेला. तुम्हाला दाराशी, पत्र्याच्या पेटीवर अर्धी जागा मिळते. सातारा रोड, कोरेगाव, पुढं कऱ्हाड. शेणोली आलं की डब्यातलं बोलणं एकाएकी बारीक होतं. मागल्या जूनमध्ये, १९४३ च्या ७ तारखेला, इथंच तुफान सेनेनं रेल्वेच्या पगाराची गाडी अडवून पैसे नेले. फलाटावर बंदूकधारी पोलीस आहेत. पलीकडच्या बाकावरचा मुंडासेवाला म्हातारा त्यांच्याकडं बघतसुद्धा नाही. गाडी हलल्यावर तो तुमच्या कानाशी येऊन म्हणतो, “पाव्हणं, हे दिवसाचं सरकार. रातीचं येगळं.” कुंडलचा भाग जवळ आलाय. किर्लोस्करवाडीचा कारखाना, औंध संस्थानची हद्द, आणि आसपासच्या गावांतून नाना पाटलांचं पत्री सरकार. तुफान सेना त्याचीच. फिर्याद मामलेदाराकडं न नेता न्यायमंडळापुढं नेणारी गावं.

मुलीबरोबरची बाई हे सगळं ऐकून घेते. तिचंही सरकार असंच आहे: लंडनमध्ये, खुर्च्या-शिक्क्यांसकट, पण पायाखाली जमीन नसलेलं. साताऱ्याकडं जमीन आहे आणि सरकार लपून आहे. हिच्याकडं सरकार उघड आहे आणि जमीन दुसऱ्यानं बळकावलीय. दोघांनी एकमेकांना काय उसनं द्यावं याचा विचार करत तुम्ही भिलवडीपर्यंत येता.

मिरज. रात्रीचा मुक्काम फलाटावर, कोल्हापूरची गाडी पहाटे. चहाच्या गाड्यापाशी मिशन हॉस्पिटलातला एक कंपाउंडर भेटतो. वॉन्लेस साहेबांनी १८९४ साली उभारलेल्या दवाखान्याचं हे गाव, आणि इथले ख्रिस्ती बहुतेक अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे. मुलीच्या गळ्यातला बिल्ला पाहून तो मान हलवतो. “आमच्यात मरियेला मान आहे, पण तिच्यापुढं मेणबत्ती नाही लावत आम्ही. आणि राणी? राजा एकच, प्रभू.” मुलगी त्याच्याकडं अशी बघते की जणू त्यानं पृथ्वी चपटी असल्याचं सांगितलंय.

त्याचा आक्षेप धर्मशास्त्राचा. माझा वेगळा आहे, तोही इथंच, चहा निवण्याआधी सांगतो. लढाईपूर्वीच्या पोलंडमध्ये साधारण तिसरा हिस्सा लोक पोलिश नव्हतेच: ज्यू, युक्रेनियन, बेलारूसी, जर्मन. देशाची राणी कॅथलिक देवळात बसवली की सिनेगॉगमध्ये जाणाऱ्या नागरिकानं तिच्यापुढं कुठं उभं राहायचं? वाटणीच्या काळात राणीनं देश सांभाळला हे खरं. देश परत आल्यावर तिच्या नावानं काहींना उंबऱ्याबाहेर ठेवलं गेलं, हेही खरं. देशाला आई किंवा देवी मानणाऱ्या आपल्या मुलखात हा प्रश्न परका वाटायचं कारण नाही.

पहाटे अंकलीजवळ कृष्णा ओलांडता, मग जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, पंचगंगेचा पूल. वळिवड्याला उतरल्यावर पहिल्यांदा दिसतात त्या बराकींच्या रांगा. लांबलचक, कौलारू, तट्ट्यांच्या भिंती, पुढं पडवी. पाच हजारांच्या आसपास माणसं इथं राहतात. बहुतेक बायका आणि मुलं, थोडे म्हातारे. पडवीपुढं प्रत्येकीनं फुलांचा वाफा केलाय. कडेला बसलेली गांधीनगरची कापड दुकानं शोधू नका. सिंधी निर्वासित या बराकींत येतील ते फाळणीनंतर, ही माणसं निघून गेल्यावर. आत्ता तिथं आसपासच्या खेड्यांतल्या माळणी बसल्यात, आणि त्यातली एक “याइका! याइका!” असं ठणठणीत पोलिशमध्ये अंडी विकतेय. भाव करताना मात्र ती मराठीवर येते.

शाळा, दवाखाना, स्काउटांची पथकं, नाटकाचा रंगमंच, आणि बराकीतच थाटलेलं देऊळ. आज सगळीकडं पांढरी-तांबडी निशाणं. क्राकूफकडचे रंगीत लेस लावलेले पोशाख कोल्हापूरच्या बाजारातल्या कापडातून शिवलेत. मिस्सा लॅटिनमध्ये, प्रवचन पोलिशमध्ये, ऊन अस्सल कोल्हापुरी. मध्यरात्रीपासून कुणी काही खाल्लेलं नाही, कारण प्रसाद घ्यायचाय. स्काउटची एक पोरगी मिरवणुकीत घेरी येऊन खाली बसते. दोघी बायका तिला सावलीत नेतात, कांदा हुंगायला देतात. हा इलाज इथं येऊन शिकलेला.

संध्याकाळी पुन्हा सगळ्या जमतात. मे हा मरियेचा महिना, रोज संध्याकाळी तिची नामावली म्हणायची. उघड्यावर वेदी, तिच्यावर चेन्स्तोहोवाच्या चित्राची छापील प्रत, भोवती कण्हेर आणि गुलमोहर. पाद्री एकेक नाव घेतो, बायका एका सुरात तीच विनवणी उलट म्हणतात. आरशाचं नाव, गुलाबाचं, मनोऱ्याचं, पहाटताऱ्याचं. शेवटी पोलंडची राणी. तिथं आवाज चढतो. मागच्या रांगेतली एक बाई मात्र तिथंच गप्प होते. तिचा नवरा लष्करात अधिकारी होता. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये जर्मनांनी कातिनच्या रानात सापडलेल्या हजारो पोलिश अधिकाऱ्यांच्या प्रेतांची बातमी दिली. यादीत नाव आहे की नाही हे तिला कळलेलं नाही.

आणि तुम्हाला ठाऊक आहे ते तिला सांगू नका. यांतल्या कितीजणींचे नवरे आणि भाऊ जनरल आंदर्सच्या दुसऱ्या कोअरमध्ये इटलीत आहेत. आठवड्याभरानं, ११ मेच्या रात्री, मॉन्ते कासिनोची चढाई सुरू होईल. १८ तारखेला पोलिश शिपाई मठाच्या अवशेषांवर निशाण लावतील. तिथल्या दफनभूमीत हजाराहून अधिक कबरी होतील. आणखी एक गोष्ट आधीच होऊन गेलीय. डिसेंबरात तेहरानला तिघा मोठ्यांनी पोलंडचा पूर्व भाग स्टॅलिनला देऊन टाकला. ल्वूफ, विल्नो, या बायकांची घरं, विहिरी, सफरचंदाची झाडं, सगळं. त्याच तेहरानमध्ये दीड वर्षापूर्वी यांतल्या बऱ्याच जणी तंबूंत राहत होत्या. राणीचा मुलूख कुणाला विचारून वाटला, हे सांगायला कुणी येणार नाही. १९४८ पर्यंत छावणी रिकामी होईल. बऱ्याच जणी इंग्लंडला जातील, काही आफ्रिकेतल्या छावण्यांत, थोड्या पोलंडला, जिथं त्यांचं गाव आता पोलंडमध्ये नसेल.

नामावली संपल्यावर एक थोराड बांध्याची बाई तुमच्या शेजारी बाकावर येऊन बसते. ल्वूफजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याघरची. तिला जावळीची गोष्ट सांगा, १६५६ ची.

ती ऐकते. “तुमच्या राजानं मुलूख घेतला,” ती म्हणते, “आमच्यानं शपथ घेतली. त्या शपथेत आणखी एक गोष्ट होती, ती प्रवचनात आज आलीच नाही. राजा म्हणाला होता, लढाईचे हे हाल शेतकऱ्यांच्या छळाचं पाप म्हणून आलेत; राज्य परत मिळालं की त्यांच्या मानेवरचं जू उतरवीन. राज्य मिळालं. जू राहिलं, आणखी दोनशे वर्षं. माझ्या आजोबांचे वडील जमीनदाराच्या शेतावर वेठीला जायचे.”

तुम्हाला ठाऊक आहे की बारा वर्षांनी, २६ ऑगस्ट १९५६ ला, त्याच शपथेच्या तीनशेव्या वर्षी यास्ना गुरावर लाखो लोक ती पुन्हा घेतील. नवा मसुदा नजरकैदेतल्या कार्डिनल विशिन्स्कींचा असेल आणि त्यांची खुर्ची रिकामी ठेवलेली असेल. पण बाईच्या मनात आज दुसरंच आहे.

“तुमच्याकडं शेतकऱ्याचं कोण बघतं?”

शेणोलीतल्या म्हाताऱ्याचं ऐकलेलं तुम्ही तिला सांगता. सावकाराला न्यायमंडळापुढं उभं करतात, गहाण जमिनी सोडवतात, दंड करतात, वेळप्रसंगी मारही देतात.

“त्यांची राणी कोण?”

“राणी नाही. नाना पाटील म्हणून आहेत. पोलीस शोधताहेत त्यांना.”

“सापडतील?”

“नाही.” हे मात्र तुम्ही छातीठोक सांगू शकता.

“आणि दिलेला शब्द पाळतात?”

“बऱ्याचदा.”

“मग आमच्या राजापेक्षा बरे,” म्हणत ती गुडघ्यावर हात टेकून उठते. तिला पाव भाजायचाय, आणि रेशनच्या पिठात यावेळी पुन्हा किडे निघालेत.